तेलामागचं पाणी

वर्धा जिल्ह्यात खनिज तेलाची एकही विहीर नाही. काळ्या कातळावर कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारा हा मुलूख. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या पुढे. तरीही अरबी समुद्रातल्या तेलविहिरींच्या पाण्याचा इतिहास मला वर्ध्याच्या मगनवाडीपासून सांगावासा वाटतो. जमिनीतला साठा आणि वाहता ओघ यांचे हिशोब वेगवेगळे ठेवा, असं बजावणारा एक हिशोबनीस तिथे राहत होता. आणि त्याच्या आवारात रोज तेल निघत होतं, तेही पाण्याच्या मदतीने.

डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी वर्ध्यातली आपली बाग दिली. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचं नाव मगनवाडी पडलं. हातकागद, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ, गूळ असे प्रयोग तिथे सुरू झाले. त्यातला एक होता तेलघाण्याचा. झवेरभाई पटेल या कार्यकर्त्याने ठिकठिकाणच्या घाण्यांचा अभ्यास केला, उखळाचा आकार आणि लाटेचा कल बदलून पाहिला. त्यातून जी सुधारित घाणी तयार झाली ती 'वर्धा घाणी' म्हणून देशभर ओळखली गेली. कमी कष्टात जास्त तेल, हा तिचा लौकिक.

घाणा चालताना तुम्ही कधी पाहिला असेल तर एक गोष्ट खटकली असेल. तेली मधूनच उखळात थोडं पाणी शिंपडतो. तेलात पाणी कशाला? कारण तीळ किंवा शेंगदाणा कोरडाच भरडत राहिलं तर तेल भरड्याला धरून बसतं. पाण्याचा हबका बसला की भरडा पाणी धरतो आणि तेल सोडतो. पाणी कमी पडलं तर तेल सुटत नाही, जास्त झालं तर ढेपेचा चिखल होतो. किती शिंपडायचं, कधी शिंपडायचं, यातच तेल्याची सगळी हुशारी. हे पाणी तेलात दिसत नाही, भावात धरलं जात नाही. पण त्याच्याशिवाय तेल पुरतं निघत नाही.

मगनवाडीला खनिज तेलाचंही वावडं होतं, असं म्हटलं तरी चालेल. तेव्हा खेड्यापाड्यात रॉकेलचा दिवा पोहोचला होता आणि त्याच्यापाठोपाठ दर महिन्याला घरातला पैसा परदेशी कंपन्यांकडे जात होता. त्यावर उतारा म्हणून मगनवाडीत घाण्याच्या तेलावर जळणारा एक कंदील तयार केला गेला, 'मगनदीप'. तो काही रॉकेलला हरवू शकला नाही, हे वेगळं सांगायला नको. पण त्यामागचा विचार केवळ स्वदेशीचा नव्हता.

तो विचार जे. सी. कुमारप्पा यांचा. तंजावरात जन्मलेले, लंडनमध्ये शिकून सनदी हिशोबनीस झालेले, पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केलेले कुमारप्पा १९२९ मध्ये गांधीजींना भेटले आणि काही वर्षांनी ग्रामोद्योग संघाचा कारभार बघायला वर्ध्यात आले. १९४२च्या आंदोलनानंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिलं. १९४५ साली गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली. त्यातला एक मुद्दा साधा आहे. कोळसा, खनिज तेल, धातूंची खनिजं ही ठरावीक साठ्याची संपत्ती. वापरली की संपते. नदीचं वाहतं पाणी, जंगलातलं वाढतं लाकूड ही ओघाची संपत्ती. फक्त वाढ किंवा ओघ तेवढाच घेतला तर ती संपत नाही. साठ्यावर उभ्या राहिलेल्या अर्थव्यवस्थेत भांडणं आणि हिंसा अटळ असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

हिशोबनिसाच्या भाषेत सांगायचं तर भांडवल एका वहीत आणि उत्पन्न दुसऱ्या वहीत. कुमारप्पांच्या मांडणीत तेल पहिल्या वहीत जातं, पाणी दुसऱ्या. त्यांच्यानंतर तीसेक वर्षांनी, आपल्याच राज्याच्या किनाऱ्यासमोर या दोन वह्या एकमेकींत मिसळल्या. तिथे तेल काढायचं तर पाणी घालावं लागत होतं, आणि तेलाबरोबर पाणी बाहेरही येत होतं.

*

तुमच्या आजोबांनी जुन्या नोटा जपून ठेवल्या असतील तर १९८०च्या दशकातली एक रुपयाची नोट मागून घ्या. तिच्या मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा आहे. तो 'सागर सम्राट', भारताचा पहिला मोठा समुद्री ड्रिलिंग रिग. जपानमध्ये बांधला, १९७३ साली इथे आला.

त्याच्या आधीची दहा वर्षं शोधाशोधीत गेली होती. तेल आणि नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे ओएनजीसी, १९५६ साली स्थापन झाला. १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजाने खंबातच्या आखातात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात भूकंपलहरींनी पाहणी केली, तेव्हा किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली खडकाचा एक प्रचंड घुमट असल्याचं दिसलं. त्या उंचवट्यावरून नाव पडलं 'बॉम्बे हाय'. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राटने खणलेल्या पहिल्याच विहिरीत तेल लागलं. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल जहाजांत भरून आणत, १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्रतळावरून नळ आला.

हा काळ लक्षात घ्या. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला होता. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर तो पुन्हा उसळला. परकीय चलनाची तिजोरी रिकामी, रॉकेलच्या रांगा गल्लोगल्ली. अशा वेळी मुंबईसमोर तेल सापडलं, तर ते लवकरात लवकर बाहेर काढा, हाच एक धोशा असणार. आणि झालंही तसंच. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईसमोरच्या समुद्रातून वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास तेल येऊ लागलं, देशाच्या एकूण उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक. नोटेवर चित्र येणं साहजिक होतं.

आता खडकात काय चाललं होतं ते पाहू. 'तेलाचा साठा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जमिनीखालचं तळं येतं. तसं काही नसतं. मुंबई हायमध्ये समुद्रतळाखाली सव्वा-दीड किलोमीटरवर चुनखडक आहे आणि त्याच्या बारीक छिद्रांत, ओल्या स्पंजात पाणी असावं तसं, तेल आहे. त्याच छिद्रांत कोट्यवधी वर्षांचं खारं पाणीही आहे, आणि वर वायूची टोपी. सगळं दाबाखाली. विहीर खणली की हा दाब तेलाला वर ढकलतो. पण तेल निघत जातं तसा दाब उतरतो. सोडा वॉटरची बाटली उघडून ठेवल्यासारखं: आधी फसफसतं, मग सपक होतं. दाब फार उतरला की तेलात विरघळलेला वायू सुटा होऊन पळून जातो आणि घट्ट झालेलं तेल खडकातच अडकतं. नुसत्या नैसर्गिक दाबावर विसंबलं तर खडकातल्या तेलाचा बरेचदा पाचवा हिस्साही हाती लागत नाही.

यावरचा उपाय माणसाला अपघाताने सापडला, तोही फार पूर्वी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पिटहोल नावाच्या गावात १८६५ मध्ये तेलाची झुंबड उडाली. विहिरी घाईघाईने खणल्या गेल्या, त्यांना धड अस्तरही नव्हतं. वरच्या थरांतलं पाणी विहिरीतून खाली तेलाच्या थरात उतरू लागलं. ती विहीर बुडाली, पण शेजारच्यांचं तेल वाढलं. पिटहोल काही वर्षांतच ओस पडलं. जॉन कार्ल या भूशास्त्रज्ञाने मात्र १८८० मध्ये लिहून ठेवलं, की मुद्दाम पाणी सोडलं तर तेल जास्त निघू शकेल. कायद्याने त्याला बंदी होती, म्हणून ब्रॅडफर्डच्या तेलक्षेत्रात लोक हे काम गुपचूप करत. पेनसिल्व्हेनियाने १९२१ मध्ये ते कायदेशीर केलं. घाण्यात तेली जे ओंजळीने करतो तेच हे, फक्त डोंगराएवढ्या खडकात.

म्हणजे मुंबई हाय सुरू झालं तेव्हा पाण्याने तेल ढकलण्याचं शास्त्र नवं नव्हतं, अर्धशतक जुनं होतं. तरी तिथे पाणी सोडायला सुरुवात झाली १९८४ मध्ये उत्तर भागात आणि १९८७ मध्ये दक्षिण भागात. उत्पादन सुरू झाल्यावर आठ आणि अकरा वर्षांनी.

हा उशीर मला या सगळ्या इतिहासातला कळीचा भाग वाटतो. तेल काढणारा प्लॅटफॉर्म उभारला की पुढच्या वर्षी टनांत आकडा दिसतो, संसदेत सांगता येतो. पाणी सोडणारा प्लॅटफॉर्म तितकाच महाग, पण त्याचा आकडा दहा वर्षांनी दिसतो, आणि तोही 'जे घटलं असतं ते घटलं नाही' अशा स्वरूपात. असा आकडा कोण सांगणार? तिजोरीची नड खरी होती, हेही कबूल करायला हवं. पण खडकाला नड कळत नाही. १९८९-९० मध्ये देशाचं कच्च्या तेलाचं उत्पादन सुमारे ३.४ कोटी टन होतं, ते १९९२-९३ मध्ये सुमारे २.७ कोटी टनांवर आलं. या घसरणीत मुंबई हायचा वाटा मोठा होता. तेल फार वेगाने उपसलं, खडकाचं आरोग्य बिघडलं, ही चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांतून बरीच झाली. काही विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. ज्या वर्षी देशाने सोनं गहाण ठेवलं त्या १९९१च्या आगेमागे हे घडत होतं.

*

समुद्रात तर पाणीच पाणी, ते उचलायचं आणि खाली सोडायचं, त्यात काय एवढं, असं वाटू शकतं. सोपं असतं तर बरं झालं असतं.

समुद्राच्या पाण्यात वाळू, शेवाळ, सूक्ष्मजीव असतात. ते तसंच सोडलं तर खडकाची छिद्रं महिन्याभरात बुजतील. म्हणून आधी जाड गाळणी, मग बारीक गाळणी. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो. त्याने नळ आतून गंजतात, म्हणून एका उंच टाकीत निर्वात करून तो काढायचा, उरलासुरला रसायनाने संपवायचा. मग जंतूंचा प्रश्न. काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. एकदा का ते खडकात वसले की गोडं तेलक्षेत्र 'आंबट' होतं आणि नळ पुन्हा गंजतात. म्हणून क्लोरीन आणि जंतुनाशकं. शिवाय समुद्राचं पाणी आणि खडकातलं जुनं पाणी यांच्यातले क्षार एकमेकांशी जमतील असं नाही. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर नळांत बसतो. एवढं सगळं करून प्रचंड दाबाच्या पंपांनी हे पाणी किलोमीटरभर खाली ढकलायचं. मुंबई हायमध्ये त्यासाठी वेगळे प्लॅटफॉर्म आहेत आणि समुद्रतळावर वेगळ्या नळांचं जाळं आहे.

गंमत अशी, की याच समुद्राच्या मधोमध पिण्याचं पाणी बोटीने न्यावं लागतं. रायगडमधल्या न्हावा इथल्या तळावरून पुरवठा-बोटी डिझेल, सिमेंट, भाजीपाला घेऊन निघतात, त्यांच्या टाक्यांत गोडं पाणीही असतं: थोडं माणसांसाठी, बरंच ड्रिलिंगचा चिखल कालवण्यासाठी. त्या चिखलाला उद्योगात 'मड'च म्हणतात.

पाणी खाली गेलं की ते शहाण्यासारखं एका रांगेत पुढे सरकत नाही. चुनखडकात भेगा असतात, काही थर सच्छिद्र, काही घट्ट. पाणी सोप्या वाटेने पळतं आणि तेलाला वळसा घालून थेट उत्पादन विहिरीत पोहोचतं. मग तेलाबरोबर पाणी येऊ लागतं. आधी थोडं, मग निम्मं, मग निम्म्याहून जास्त. त्याला या क्षेत्रात 'वॉटर कट' म्हणतात. मुंबई हायमधून आज तेलापेक्षा पाणी जास्त वर येतं. यात काही विशेष नाही, जगातल्या बहुतेक म्हाताऱ्या तेलक्षेत्रांचं हेच आहे. जगभराचा ढोबळ हिशोब सांगायचा तर एका पिंपभर तेलामागे तीन पिंपं पाणी वर येतं. म्हणजे तेल कंपन्या प्रत्यक्षात पाणी उपसणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्या पाण्यातून तेल वेचतात, असं म्हटलं तर ते फारसं चुकणार नाही.

वर आलेलं हे पाणी समुद्राच्या पाण्यासारखं नसतं. त्यात तेलाचे बारीक थेंब असतात, विरघळलेले बेंझीन आणि फिनॉल असतात, खडकातून आलेले जड धातू असतात, आणि आपणच वर टाकलेली रसायनंही. प्लॅटफॉर्मवर ते आधी मोठ्या टाक्यांत स्थिरावू देतात, तेल वर तरंगतं. मग जोराने गोल फिरवून हलके थेंब मधोमध गोळा करतात, ताक घुसळून लोणी काढावं तसं. मग खालून वायूचे बुडबुडे सोडून उरलेले थेंब फेसाबरोबर वर आणतात. तरी काही राहतंच. तेलाबरोबर नळातून उरणला जे पाणी येतं ते तिथल्या प्रकल्पात वेगळं होतं आणि तिथल्या सांडपाणी यंत्रणेत जातं. बाकीचं समुद्रातच साफ करून समुद्रात सोडलं जातं.

किती साफ? १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या नियमांत समुद्रातल्या प्लॅटफॉर्मसाठी मर्यादा आहे: लिटरमागे ४० मिलिग्रॅम तेल, ९५ टक्के वेळा; आणि कधीही १०० मिलिग्रॅमच्या वर नाही. उत्तर समुद्रातल्या युरोपीय देशांनी स्वतःसाठी सरासरी ३० ठरवलं आहे. ४० मिलिग्रॅम ऐकायला काहीच नाही, चिमूटभरही नाही. पण १ कोटी लिटर पाणी सोडलं तर त्यातून ४०० किलो तेल समुद्रात जातं, कायदा पाळूनही. प्रमाणाचा नियम एकूण किती सोडलं हे विचारत नाही. विहीर म्हातारी होते, पाणी वाढतं, प्रमाण तेच राहतं आणि एकूण तेल वाढत जातं.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांना हा हिशोब मिलिग्रॅममध्ये कळत नाही, जाळ्यात कळतो. प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षा-क्षेत्र असतं, तिथे जाळं टाकता येत नाही. गंमत म्हणजे लोखंडी पायांच्या आडोशाला मासळी तिथेच जमते. मे १९९३ मध्ये मुंबई हाय ते उरण नळ फुटला आणि सुमारे ६,००० टन तेल समुद्रात गेलं, मुरुडच्या किनाऱ्यापर्यंत तवंग आला. ती बातमी झाली. रोज नियमात राहून सुटणारं पाणी बातमी होत नाही, आणि त्याने काय झालं हे सिद्ध करायचं तर ते मासेमारांनी सिद्ध करायचं, असा एकंदर प्रघात आहे.

*

मग हेच पाणी पुन्हा खाली का सोडत नाहीत? प्रश्न बरोबर आहे. समुद्रातून नवं पाणी उचलायचं, गाळायचं, खाली सोडायचं. आणि खालून आलेलं पाणी साफ करून समुद्रात फेकायचं, यापेक्षा वर आलेलंच परत पाठवावं. काही ठिकाणी करतातही. अडचण अशी, की उरलेले तेलाचे थेंब आणि गाळ खडकाची छिद्रं बुजवतात आणि पाणी सोडणारी विहीर गुदमरते. साफ करायला प्लॅटफॉर्मवर जागा लागते, आणि समुद्रात जागा ही सर्वांत महाग वस्तू आहे. मुंबई हायला समुद्र शेजारी आहे, उचलायलाही आणि फेकायलाही. त्यामुळे पुनर्वापराची निकड तिथे कधी तितकी जाणवली नाही, असं माझं मत आहे. ज्यांना समुद्र नव्हता ते आधी शिकले.

टेक्सासच्या पूर्वेला १९३० मध्ये एक अवाढव्य तेलक्षेत्र सापडलं. खारं पाणी ओढ्यानाल्यांत सोडलं जाऊ लागलं, शेतं आणि नद्या बिघडल्या. १९४२ मध्ये तिथल्या तेलवाल्यांनी मिळून एक वेगळी कंपनीच काढली, खारं पाणी गोळा करून परत त्याच खडकात सोडण्यासाठी. पाणी गेलं आणि खडकाचा दाबही टिकला. उलट अलीकडे ओक्लाहोमात नको असलेलं पाणी भलत्याच खोल थरांत कोंबलं गेलं आणि भूकंप होऊ लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनी इथे ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. पाणी 'घालवणं' आणि पाणी 'वापरणं' या दोन गोष्टी आहेत, एवढं त्यातून दिसलं.

आपल्याकडचं उदाहरण राजस्थानातल्या बाडमेरचं. थरच्या वाळवंटात मंगला हे क्षेत्र २००४ मध्ये सापडलं, २००९ मध्ये सुरू झालं. तेल इतकं मेणचट की गार झालं तर गोठतं, म्हणून खाली सोडायचं पाणीसुद्धा गरम हवं. आणि पाणी आणायचं कुठून? जिथे बायका मैलोन्‌मैल घागरी वाहतात तिथे गोडं पाणी तेलाला दिलं असतं तर गावं गप्प बसली नसती. म्हणून थुंबली इथला खारा, पिण्यास निरुपयोगी भूजलसाठा वापरला, आणि तेलाबरोबर वर आलेलं पाणी साफ करून परत खाली सोडण्याची व्यवस्था पहिल्यापासून आखली. पुढे पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट केलं, म्हणजे तेलाला वळसा घालून ते पुढे पळू नये. मुंबई हायला हे आठ वर्षांनी आठवलं. मंगलाला पहिल्या दिवसापासून करावं लागलं, कारण तिथे दुसरा इलाज नव्हता.

मुंबईतही पुनर्वापर आहे, पण तो किनाऱ्यावर. १९५०च्या दशकात चेंबूर-माहुलला दोन रिफायनऱ्या आल्या, पुढे शेजारी खतकारखाना आला. रिफायनरीला पाणी लागतं ते गार करायला आणि वाफेला. हे पाणी येतं शहरासाठी बांधलेल्या धरणांतून, म्हणजे ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतून. खतकारखान्याने, राष्ट्रीय केमिकल्सने, महापालिकेचं सांडपाणी शुद्ध करून वापरायला दोन दशकांपूर्वीच सुरुवात केली. नंतर शेजारच्या भारत पेट्रोलियमबरोबर आणखी एक प्रकल्प उभारला आणि ते पाणी रिफायनरीलाही मिळू लागलं. मुंबईकरांच्या मोरीतलं पाणी पेट्रोल तयार करायच्या कामी येतं, हे बहुतेक मुंबईकरांना ठाऊक नाही.

विदर्भात तेल नाही पण कोळसा आहे, आणि वीजकेंद्रांनाही तितकंच पाणी लागतं. वर्धा नदीच्या वरच्या धरणातलं पाणी अमरावतीच्या वीजप्रकल्पाला द्यायचं की शेतीला, यावर दशकभरापूर्वी आंदोलनं झाली. नागपूरने दुसरी वाट काढली: भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करून दिवसाला १३० दशलक्ष लिटरपर्यंत पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला द्यायचं. कुमारप्पांना कोळसा आवडला नसता. हे पाणी मात्र त्यांनी त्यांच्या दुसऱ्या वहीत नक्की लिहिलं असतं, आणि बहुधा विचारलं असतं की ओघातून जितकं घेतलं तितकंच ते आहे ना.

सागर सम्राट आता तेल शोधत नाही. त्याचं रूपांतर करून २०२२च्या अखेरीस तो एका छोट्या क्षेत्रावर तेल काढणारा प्लॅटफॉर्म म्हणून पुन्हा कामाला लावला आहे. मुंबई हाय पन्नाशीला पोहोचलं. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने घटतं उत्पादन सावरण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक मदतनीस म्हणून निवडलं. बातम्यांत आले ते आकडे तेलाचे आणि वायूचे. पण एवढ्या जुन्या क्षेत्रात तेल वाढवायचं म्हणजे पुन्हा पाण्याचंच काम: कुठे सोडायचं, कुठे थांबवायचं, आलेल्याचं काय करायचं.

मोबाईल हातात आहेच, तर एक करून पाहा. नॉर्वेच्या सरकारी तेल खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक क्षेत्राचा दर महिन्याचा तक्ता आहे. तेल, वायू, कंडेन्सेट, आणि शेवटच्या रकान्यांत तेलाबरोबर वर आलेलं पाणी, घनमीटरमध्ये. मग आपल्या पेट्रोलियम मंत्रालयाचा मासिक उत्पादन अहवाल उघडा. कच्चं तेल आहे, वायू आहे, उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष आहे, मागच्या वर्षाशी तुलना आहे. पाण्याचा रकाना नाही.